सव्वीस फुटांची शेपटी

फोनमधल्या नकाशाने एकोणीस तास सांगितले आणि नवरा खूश होऊन म्हणाला, "म्हणजे दोन दिवस. मधे एक मुक्काम."

मी वहीतून मान वर न काढता म्हणाले, "पाच."

"तास?"

"दिवस."

कोलोरॅडोतून निघून कॅलिफोर्नियाचा किनारा गाठायचा, म्हणजे साडेबाराशे मैलांच्या आसपास. नकाशाचं तसं काही चुकलं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक नव्हतं की आमच्या पिकअप ट्रकच्या मागे एक अख्खी खोली बांधलेली असणार आहे. त्यात दोन पलंग, एक मोरी, पुढे दोन गॅस सिलिंडर आणि छतावर एसी. नकाशाच्या लेखी माणूस म्हणजे निळा ठिपका, आणि ठिपक्याला शेपटी नसते. आमची सव्वीस फुटांची आहे.

शेपटी ही नवऱ्याची हौस. वही माझी. वहीचा जन्म पहिल्याच सहलीत झाला. त्या दिवशी फोनने आम्हाला चार मिनिटं वाचवून देतो असं आमिष दाखवलं, आणि एका वस्तीतल्या अरुंद गल्लीत नेऊन सोडलं. गल्लीच्या टोकाला कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे, हाकेच्या अंतरावर, आम्हाला हवा असलेला रस्ता. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे नवऱ्याला माहीत होतं. पण माहीत असणं आणि हाताला पटणं यात पन्नास मिनिटांचं अंतर असतं. मधे एकदा ट्रक आणि ट्रेलर यांचा असा काटकोन झाला की आता हे घर इथेच विकावं, असं मला वाटून गेलं. कोपऱ्यावरच्या बंगल्यातून एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं, काही बोलले नाहीत, अंगणात उभी असलेली आपली गाडी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली आणि दार लावून घेतलं.

त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: "रिव्हर्स घ्यावा लागेल अशा ठिकाणी जायचंच नाही." ट्रेलर घेऊन रस्ता शोधायचा म्हणजे आधी कुठे अडकू ते शोधायचं. ते सगळं खोडून झाल्यावर जे उरेल त्याला रस्ता म्हणायचं.

दुसऱ्या पानावर मापं आहेत. कंपनीच्या माहितीपत्रकातली उंची बहुधा एसी बसवायच्या आधीची असावी, असा माझा संशय होता, म्हणून नवऱ्याला टेप देऊन शिडीवर चढवला. दहा फूट अकरा इंच. हा आकडा चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगसमोर लावला आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅम शहरात रेल्वेचा एक पूल आहे, अकरा फूट आठ इंचांचा. त्याने इतक्या भाड्याच्या ट्रकांची छतं सोलली की लोक त्याला 'कॅन ओपनर' म्हणू लागले. २०१९ साली तो आठ इंचांनी उचलला. तरी त्याखाली जाऊन आपटणारे आपटतातच, कारण पाटीवरची उंची वाचून उपयोग नसतो, आपली उंची माहीत असावी लागते. डरॅम आमच्या वाटेवर नव्हतं, पण त्या पुलाचे व्हिडिओ मी एक अख्खी संध्याकाळ पाहिले. "हे काय चाललंय?" नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, नियोजन.

लांबीची तीच गत. माँटॅनातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधून जाणारा 'गोइंग-टू-द-सन' रस्ता नवऱ्याच्या फार मनात होता. वाकडी वाट करून जाऊ म्हणाला. त्या रस्त्याच्या डोंगरातल्या भागात एकवीस फुटांपेक्षा लांब वाहनाला परवानगी नाही, म्हणजे आमचा ट्रक एकटाच कसाबसा मावला असता. मुलाने विचारलं, "मग ट्रेलर कुठे ठेवायचा?" या प्रश्नावर त्या स्वप्नाचा सूर्यास्त झाला.

मग वजन. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या टोकावर, म्हणजे ट्रकला जोडायच्या हिचवर, पडायला हवा. याला टंग वेट म्हणतात. शब्दशः जिभेचं वजन! जिभेला वजन असावं हे माझ्या सासूबाईंचंही मत आहे, पण त्या वेगळ्या संदर्भात म्हणतात. हे वजन कमी पडलं की ट्रेलर वेगात मागून डोलायला लागतो आणि सगळा संसार शेपूट हलवत चालतो. तेव्हा घाबरून ट्रकचा ब्रेक दाबायचा नसतो. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि ट्रेलरचे ब्रेक तेवढे हाताने लावायचे. हे सगळं वाचून मी ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर जायचा आग्रह धरला. साडेसहा हजार पौंडांच्या ट्रेलरचं टंग वेट निघालं पाचशे. शोध घेता मागच्या बंपरजवळच्या कप्प्यात नवऱ्याची हत्यारपेटी सापडली. शिवाय दोन जॅक, एक कुऱ्हाड आणि 'लागेल कधीतरी' या सदरात मोडणाऱ्या सात-आठ लोखंडी वस्तू. त्या पुढे हलवल्या. कुऱ्हाड कशाला, हे अजून कळलेलं नाही.

आता मुख्य प्रश्न. कॅलिफोर्नियाला जायचे दोन राजमार्ग: दक्षिणेकडून आय-सेव्हंटी, उत्तरेकडून आय-एटी. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, तसं इकडे डोंगर आणि तिकडे वारा.

आय-सेव्हंटी डेन्व्हरमधून निघाला की सरळ रॉकी पर्वतावर चढतो आणि आयझेनहॉवर बोगद्यात घुसतो. बोगद्याची उंची अकरा हजार फुटांच्या वर. आमच्या ट्रकला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, नाही. अशा इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे तिथे पोचेपर्यंत तीन घोड्यांपैकी एक घोडा बसकण मारणार. चढणं एकवेळ जमेल. पलीकडे सात टक्क्यांचा उतार मैलोन्मैल आहे, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी घुसून थांबावं म्हणून कडेला खडीचे चढ बांधून ठेवले आहेत. ज्या रस्त्यावर सरकारने तुमच्या ब्रेकवर अविश्वास दाखवून बांधकाम केलं आहे, तिथे मी सुट्टीत जाणार नाही. त्यापुढे व्हेल पास, दहा हजार सहाशे फूट. आणि युटामध्ये ग्रीन रिव्हर ते सलायना असे एकशे दहा मैल, ज्यात एकही पेट्रोल पंप नाही. एरवी आमचा ट्रक एका गॅलनला वीस मैल देतो. मागे खोली बांधली की नऊ.

आय-एटीचा चढ सौम्य. पण वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात वारा असा की मालाचे रिकामे ट्रक आडवे होतात. या पट्ट्याची गोष्ट मला वहीसाठी माहिती काढताना सापडली आणि मी तिच्या प्रेमातच पडले. १८६८ मध्ये रेल्वे आली ती एल्क माउंटनला मोठा वळसा घालून, मेडिसिन बो गावावरून गेली. पुढे मोटारींचा जुना लिंकन हायवेही तिच्या शेजारूनच गेला. मग इंटरस्टेटची, म्हणजे आजच्या आय-एटीची, वेळ आली तेव्हा आखणी करणाऱ्यांनी ठरवलं की पर्वताच्या अंगालगत सरळ नेलं तर वीसेक मैल वाचतात. तिथले गुराखी म्हणाले, बाबांनो, तिथे आम्ही हिवाळ्यात गुरंसुद्धा नेत नाही. त्यांचं कोण ऐकतो! १९७० मध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला रस्ता वाहतुकीला खुला झाला, आणि आठवडा उलटायच्या आत बर्फवादळाने बंद पडला. तेव्हापासून तो दर वर्षी बंद पडतो आहे. कागदावर वीस मैल वाचवणारी माणसं फोनच्या आधीपासून होती तर!

मी आय-एटी निवडला. वाऱ्याचं एक बरं असतं, तो थांबायची वाट पाहता येते. डोंगराचं तसं नाही.

मुक्कामांसाठी ट्रेलरवाल्यांत एक सूत्र आहे, तीन-तीन-तीन. दिवसाला तीनशे मैल, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि एका जागी तीन रात्री. हे सूत्र निवृत्त माणसाने काढलेलं असणार. ते पुरतं पाळलं असतं तर आम्ही किनाऱ्यावर पोचेपर्यंत नवऱ्याची रजा संपून पगारही कापला गेला असता. आम्ही शेवटचं तीन गाळलं. बाकीचे दोन मात्र मी सोडले नाहीत. आमच्या ट्रेलरच्या टायरवरच ताशी पासष्ट मैलांची मर्यादा आहे. वायोमिंगच्या पाटीवर ऐंशी लिहिलेलं असलं तरी ते निमंत्रण आमच्यासाठी नाही. पेट्रोलला पंधराऐवजी तीस मिनिटं, कारण पंप निवडताना ट्रक आत शिरेल का हे पाहून भागत नाही, शेपटी बाहेर निघेल का हे बघायचं. प्रत्येक पंपाचा मी उपग्रहातून घेतलेला फोटो पाहिला. कोणत्या पंपाच्या छताखाली किती रांगा, कुठे दुकानाची भिंत आडवी येते, बाहेर पडायचं तोंड कोणत्या रस्त्याला. दीडशे मैलांना एक, याप्रमाणे नऊ पंप. वहीत नऊ आकृत्या. मुलगा म्हणाला, "आई, बँक लुटायला चाललोय का?"

लॅरमीला दुपारी अडीचला पोचलो. पुढच्या रस्त्यावर विजेची पाटी लुकलुकत होती: 'क्लोज्ड टू लाइट, हाय-प्रोफाइल व्हेइकल्स.'

नवऱ्याने मान जरा ताठ केली. "हाय-प्रोफाइल म्हणतायत आपल्याला."

"बाबा," मागून आवाज आला, "हलके पण म्हणतायत."

उंच आणि त्या मानाने हलकी, म्हणजे वाऱ्याला शिडासारखी वाटणारी वाहनं. मुक्काम तिथेच होता, त्यामुळे माझ्या चेहऱ्यावर जो भाव आला तो आणायला नको होता हे मला मान्य आहे. रात्रभर ट्रेलर पाळण्यासारखा हलला. पहाटे वारा पडला, बंदी उठली, आणि आम्ही आय-एटी सोडून रेल्वेच्या कडेने जाणारा जुना रस्ता धरला. वारा तिथेही होता, पण बोलता येईल इतपत. फोन दर दहा मिनिटांनी म्हणत होता, परत फिरा. सव्वीस फुटांच्या शेपटीला तो दोन पदरी रस्त्यावर यू टर्न घ्यायला सांगत होता. शेवटी मी त्याला कप्प्यात ठेवला. आतूनही तो बराच वेळ पुटपुटत होता.

नंतरचे दिवस वहीबरहुकूम गेले, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. सॉल्ट लेक सिटीत उतरताना पार्लीज कॅनियनमध्ये खालच्या गिअरवर घरघरत आलो. नेवाडात काहीच घडलं नाही आणि ते तीन-चारशे मैल चाललं. डॉनर समिट ओलांडून कॅलिफोर्नियात उतरू लागलो तेव्हा नवऱ्याची परीक्षा झाली. तिथे ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा आहे, वर उजवी बाजू सोडायची नाही. आम्हाला सगळे ओलांडून गेले. एक दुसरा ट्रेलरही गेला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

शेवटचा मुक्काम मी चार महिने आधी आरक्षित केला होता, आणि मुद्दाम 'पुल-थ्रू' जागा घेतली होती. अशा जागेत एका बाजूने शिरायचं, दुसऱ्या बाजूने निघायचं. दोन वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही फाटकातून आत आलो. साडेबाराशे मैल, आणि ट्रेलर जोडल्यापासून एकदाही रिव्हर्स नाही. नवरा ऐटीत जागेत शिरला आणि थांबला. बाहेर पडायच्या तोंडावर कुणीतरी आपली छोटी लाल गाडी आडवी लावून समुद्रावर निघून गेलं होतं. गाडीपर्यंत पुढे सरकलो तर मागची दहा फुटं शेपटी रस्त्यावर, आणि तोवर मागे आणखी एक ट्रेलर येऊन उभा.

ऑफिसातली मुलगी फारच गोड होती. मालकाचा फोन लागत नव्हता. शेजारची एक जागा मोकळी आहे म्हणाली; फक्त तिथे मागे घेऊन लावावा लागेल.

नवऱ्याने स्टिअरिंगवरचे हात काढले. "वही तुझी ना?"

खाली उतरून मी त्याच्या जागेवर बसले. वहीच्या एकविसाव्या पानावर लिहिलं आहे की हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा, म्हणजे शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात न्यायचा, डोक्याचा गोंधळ होत नाही. पान मांडीवर उघडं ठेवलं. नवरा मागे जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला, मुलगा झाडापाशी. मी आरसा बघितला. आरशात, पलीकडच्या जागेतले एक आजोबा दिसले. ते सावकाश उठले आणि समुद्राकडे तोंड करून ठेवलेली आपली घडीची खुर्ची त्यांनी आमच्याकडे वळवून घेतली.