लाल कोटाचा थाट आणि आतला माणूस

लंडनच्या त्या परेडचा व्हिडिओ परत फिरतोय. जून 2023, हॉर्स गार्ड्स परेडचं मैदान, ट्रूपिंग द कलर म्हणजे राजाच्या अधिकृत वाढदिवसाच्या परेडची रिहर्सल, तीस डिग्री म्हणजे तिथल्या मानाने बेक्कार ऊन, आणि प्रिन्स विल्यमच्या डोळ्यांदेखत जाड लोकरीचा लाल कोट नि डोक्यावर अस्वलाच्या केसांची ती उंच टोपी घातलेले जवान आडवे होतायत. एक ट्रॉम्बोनवाला कोसळतो, धडपडत उठतो आणि परत वाजवायला लागतो. खाली कमेंट्स काय, तर 'वा, काय डिसिप्लिन!' मला मात्र बघताना चीड येते, कारण त्या कोटाला जेवढं जपलं जातं तेवढं आतल्या माणसाला कधीच जपलं नाही, आणि हे काही आजचं नाही. ब्रिटिशांचा हा सगळा लष्करी थाट शत्रूला दाखवायला कमी आणि आपल्याच समाजात कोण वर नि कोण खाली हे दाखवायला जास्त होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाल रंगच घ्या. 1645 ला राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या न्यू मॉडेल आर्मीने लाल कोट सरसकट घेतला. पुढे कितीतरी काळ साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून काढलेल्या स्वस्त रंगातला, जरा विटकरी, आणि ऑफिसरचा कोचिनील किड्याच्या महागड्या रंगातला लालभडक. दोघंही लालच, पण कोण साहेब आणि कोण गडी हे लांबूनच कळायचं.

आणि साहेब व्हायचं कसं? तर पैसे मोजून. खरंच, पायदळात आणि घोडदळात ऑफिसरची जागा विकत मिळायची! 1821 च्या सरकारी रेटने पायदळातली सगळ्यात खालची ऑफिसरची जागा 450 पौंडांना होती आणि शिपायाला रोज एक शिलिंग मिळायचा, म्हणजे त्याचा चोवीस वर्षांचा पगार झाला हा, तोही कपातीच्या आधीचा. ही विक्री बंद झाली थेट 1871 ला. लॉर्ड कार्डिगनने तर घोडदळाच्या रेजिमेंटची कमांड ठरलेल्या भावाच्या कितीतरी पट पैसे मोजून घेतली आणि वर खिशातले पैसे घालून रेजिमेंटला नटवलं. त्या 11 व्या हुसार्सच्या, म्हणजे त्याच घोडदळाच्या रेजिमेंटच्या, गडद लाल पँटी इतक्या घट्ट होत्या की क्रिमियन युद्धाच्या वेळी 1854 ला पेपरवाल्यांनी त्यांची खिल्ली उडवली. त्याच साली हाच कार्डिगन लाइट ब्रिगेडला, म्हणजे हलक्या घोडदळाला, घेऊन रशियन तोफांच्या तोंडी गेला, स्वतः धड परत आला, बाकी किती आले ते इतिहासात आहेच.

कार्डिगन निदान स्वतःचे पैसे उडवत होता म्हणा. बाकी कर्नल लोकांचा हिशोब उलटा. सरकार त्यांना रेजिमेंटच्या कपड्यांचे पैसे द्यायचं आणि त्यातून जे वाचेल ते कर्नलच्या खिशात. कापड हलकं घेतलं की फायदा जास्त, सोप्पं गणित. आपल्याकडच्या गणवेश वाटपाच्या बातम्या आठवल्या की नाही?

सगळ्यात भारी विरोधाभास पुढे आहे. व्हिक्टोरियाच्या काळात परेड बघायला हीऽऽ गर्दी, बँड वाजला की पोरं मागे धावणार, पण तोच लाल कोटवाला शिपाई संध्याकाळी बिअर प्यायला जरा बऱ्या पबमध्ये गेला की दारातूनच परत. चांगल्या घरातला पोरगा शिपाई झाला तर घराला बट्टा लागला असं समजायचे. मग 1894 ला युनिफॉर्म्स ॲक्ट आणून हक्क नसताना लष्करी ड्रेस घालणं किंवा त्याचा अपमान होईल असा तो घालणं हा गुन्हा ठरवला. म्हणजे कायदा आला तोही कपड्याच्या इज्जतीसाठी!

आणि जेमतेम वीस वर्षांत सगळं फिरलं. ऑगस्ट 1914, फोकस्टोनला एका रिटायर्ड ॲडमिरलने बायकांना हाताशी धरून सुरू केलं की साध्या कपड्यात धडधाकट पुरुष दिसला की त्याच्या हातात पांढरं पीस ठेवायचं, म्हणजे तू भित्रा. यात युद्धात जखमी होऊन घरी आलेल्यांनाही पिसं मिळाली, शेवटी 1916 ला सरकारला अशांसाठी चांदीचा बिल्ला काढावा लागला. कालपर्यंत लष्करी कपडे होते म्हणून दारातून परत, आता नाहीत म्हणून भित्रा. माणूस तोच.

बरं, ज्या परंपरांवर आपण एवढे फिदा असतो त्यातल्या काही अशाच गळ्यात पडलेल्या आहेत. 2022 ला राणीची शवपेटी ठेवलेला तोफगाडा नौदलाचे जवान ओढत होते, आठवतंय? ते 1901 पासूनचं. व्हिक्टोरियाच्या अंत्ययात्रेत विंडसरला घोडे बिथरले, ऐनवेळी खलाशांना दोर दिले, झाली परंपरा. आणि त्याच 2022 च्या अंत्ययात्रेत अफगाणिस्तानात दोनदा ड्युटी केलेला, पण राजघराण्याची कामं सोडलेला नातू हॅरी साध्या कोटात, आणि मरीन्सचं ट्रेनिंग अर्ध्यात सोडलेला राणीचा धाकटा मुलगा प्रिन्स एडवर्ड फुल युनिफॉर्ममध्ये! युनिफॉर्म लढला त्याला नाही, घरात ज्याची जागा पक्की आहे त्याला.

या थाटाचा आपल्याशी संबंध आहेच. 22 जून 1897, राणीच्या हीरक महोत्सवाची लंडनमध्ये मिरवणूक, सगळ्या साम्राज्यातून आणलेल्या पलटणी, पुढे 6 फूट 8 इंचाचा कॅप्टन एम्स घोड्यावर. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीतला महोत्सवाचा समारंभ आटपून निघालेल्या प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्टवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या झडत्यांच्या नावाखाली याच युनिफॉर्ममधले गोरे सोजीर लोकांच्या देवघरापर्यंत घुसले होते. लंडनला ज्याचं कौतुक चाललं होतं त्याची दुसरी बाजू पुण्याने बघितलेली होती.

पण इतकं बोलून गप्प बसलो तर ते एकांगी होईल, कारण हाच कोट काही लोकांसाठी खरंच मोठा होता. बॉम्बे आर्मीतल्या महार शिपायाला गावात सावलीचा विटाळ, आणि पलटणीत हुद्दा, पगार, पेन्शन, पोरांना शाळा. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत हेडमास्तर होते. त्या घरात शिक्षण आलं ते याच वाटेने, हे नाकारून कसं चालेल? आणि मग 1890 च्या दशकात साहेबांच्या डोक्यात 'लढाऊ जाती'चं, म्हणजे ठरावीक जातीच लढायच्या लायकीच्या असतात असं, खूळ शिरलं आणि महारांची भरतीच बंद. पलटणीतून रिटायर झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी ती परत सुरू करा म्हणून अर्ज लिहिला, काही उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा 1917 ला 111 वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर 1921 ला मोडून टाकली.