लूरचा रंग नंतर, आधी पाणी आणि पातं

गळाने मासे धरायला नुकतीच सुरुवात केलेल्या पोरांच्या मोबाइलवर एक तक्ता फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ऊन असेल तर उजळ लूर (म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष), ढग असतील तर गडद. लाल रंग पाण्यात नाहीसा होतो, तो घेऊच नका. स्पिनरचं, म्हणजे ओढताना फिरणारं पातं असलेल्या लूरचं, पातं निवळ पाण्यात रुपेरी, गढुळात सोनेरी. पात्याचा आकार कुठलाही चालेल. पोपटी फ्लुरोसंट सगळीकडे चालतो. रात्री मात्र अंधारात चमकणारा लूरच हवा. हे वाचून पोरं साठवलेल्या पैशांतून एकाच लूरचे आठ-आठ रंग घेतात आणि रिकाम्या हाताने घरी येतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लाल रंग. निळ्याशार, निवळ समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, हे खरं. पण धरमतर, बाणकोट किंवा दाभोळच्या खाडीचं पाणी निळंशार कधी असतं? गाळ आणि कुजलेल्या पाल्याचा अर्क मिसळलेल्या पाण्यात उलटं घडतं. तिथे निळा प्रकाश आधी संपतो आणि पिवळा-तांबडा त्यातल्या त्यात खोल पोचतो. शिवाय जिताड्यासाठी, म्हणजे खाडीतल्या त्या मोठ्या शिकारी माशासाठी, कांदळवनाच्या कडेने ओढलेला लूर बऱ्याचदा हात-दोन हात पाण्यातच चालतो. तेवढ्या खोलीत लाल कुठला नाहीसा व्हायला! आणि समजा लाल प्रकाश पार संपला, तरी लाल लूर अदृश्य होत नाही, काळपट दिसतो. वर उजेडाचं आभाळ असताना खालून बघणाऱ्या माशाला काळपट आकार चांगलाच उठून दिसतो.

ऊन-ढगांचा नियमही इथेच अडखळतो, कारण तो आभाळ बघतो आणि पाणी बघायचं विसरतो. एकाच उन्हात भांगाच्या (भरती-ओहोटी कमी असलेल्या) दिवसांतलं बऱ्यापैकी निवळ पाणी आणि उधाणाच्या भरतीने ढवळलेलं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. जेटीवरून दोरीला बांधून लूर हळूहळू खाली सोडा आणि किती खोलीवर दिसेनासा होतो ते बघा. तुमची नजर म्हणजे माशाची नजर नव्हे, पण पाण्याचा अंदाज येतो. वीतभर खाली जाताच दिसेनासा झाला तर रंगाची चर्चा तिथेच थांबवा. त्या पाण्यात लूर कुठे आहे हे माशाला आधी अंगाने कळणार आहे.

आता पातं. या तक्त्याची सगळ्यात मोठी चूक इथे आहे. माशाच्या कुशीवरून जी रेघ जाते, ती पार्श्वरेषा, तिने मासा पाण्याची हालचाल ओळखतो. जिताड्याची ही रेघ तर शेपटीच्या परावरही जाते. म्हणून पात्याचा आकार आधी ठरवावा लागतो. कोलोरॅडो पातं गोलसर असतं. ते दांडीपासून लांब फाकून फिरतं, पाणी जोरात ढकलतं आणि सावकाश ओढलं तरी फिरत राहतं. विलो लीफ लांबट, दोन्हीकडे निमुळतं असतं. ते दांडीला चिकटून भराभर फिरतं, चमक जास्त देतं आणि हादरा कमी. इंडियाना या दोघांच्या मधलं. फरक वाचून कळत नसेल तर दोर चिमटीत धरून दोन्ही स्पिनर पाण्यातून ओढून बघा. कोलोरॅडोचे ठोके बोटांना वेगवेगळे जाणवतात, विलोची नुसती बारीक थरथर येते.

पाणी गढूळ असेल, सांज झाली असेल, मासा सुस्त असेल तर कोलोरॅडो लावा आणि हळू ओढा. निवळ पाणी, ऊन आणि वेगात शिकार करणारा मासा असेल तर विलो. नदीच्या ओढीत कोलोरॅडो वर उचलला जातो, विलो खाली टिकतो. मरळीच्या तळ्यात पाणवनस्पतींतून ओढायचं असेल तरीही विलोच कमी अडकतो. पैसे थोडे असतील तर एका रंगात ही दोन पाती घ्या. आठ रंगांपेक्षा ती कितीतरी जास्त शिकवतील.

सोनेरी-रुपेरीचं काय? चकचकीत पातं हा आरसा आहे. गढूळ पाण्यात उरलेला प्रकाशच पिवळट असतो, तोच रुपेरी पातंही परत फेकतं, त्यामुळे दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. आणि उजेडच फार कमी असेल तर दोन्ही निरुपयोगी. तिथे पांढरं किंवा पोपटी रंगवलेलं पातं बरं.

पोपटी फ्लुरोसंट रंगात दम आहे, हे मान्य. तो अतिनील आणि निळा प्रकाश घेऊन पिवळट-हिरवा परत देतो, म्हणून उठून दिसतो. पण ‘सगळीकडे’ म्हणू नका. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथ बासवर प्रयोग केले, तेव्हा त्या माशाला लाल आणि हिरवा चांगले ओळखता आले, पण पोपटी आणि पांढऱ्यात त्याचा गोंधळ झाला. तो आपल्या खाड्यांतला मासा नव्हे, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा जिताड्याला लावू नका. मात्र एकच रंग सगळ्या माशांना सारखाच दिसतो, हे गृहीत धरणं चूक, एवढं त्यातून नक्की कळतं.

राहिला रात्रीचा लूर. अंधुक उजेडात माशाचा डोळा रंग ओळखणं जवळपास सोडून देतो आणि उजेड-अंधारातला फरक टिपतो. बॅटरीच्या झोतात जिताड्याचे डोळे तांबूस चकाकतात, ते डोळ्यामागच्या परावर्तक थरामुळे. मिळेल तेवढा उजेड वापरायची ती सोय आहे. अशा डोळ्यासमोर पृष्ठभागाजवळून सावकाश नेलेला साधा काळा लूर पुरेसा ठरतो. खोल, काळोख्या पाण्यात चमकणाऱ्या लूरचा उपयोग होतो, पण खाडीच्या उथळ कडेला तो आधी विकत घेण्याचं कारण मला दिसत नाही.