झाड तोडायचं कारण

लंडनच्या उत्तरेला एनफिल्डमध्ये, व्हाइटवेब्स पार्कला लागून, एका पबच्या गाडीतळाशेजारी सुमारे ५०० वर्षांचा ओक होता. एप्रिल २०२५मध्ये त्याच्यावर करवत चालली आणि बुंधा तेवढा उरला. जागा कौन्सिलची (म्हणजे तिथल्या पालिकेची), भाडेपट्टा पबच्या कंपनीकडे. झाड धोकादायक असल्याचा सल्ला मिळाला होता, असं कंपनीचं म्हणणं. कौन्सिलच्या तज्ज्ञांनी काही महिन्यांपूर्वीच ते ठणठणीत ठरवलेलं. गंमत पुढे आहे. झाडावर संरक्षणाचा आदेशच नव्हता. तो निघाला तोडल्यानंतर!

"तुमच्याकडे फांदीलाही हात लावता येत नाही," असं भारतातून कोणी म्हणालं की मला हा ओक आठवतो. इंग्लंडमध्ये कौन्सिल निवडक झाडांवर 'ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर', म्हणजे टीपीओ, काढते. काही जुन्या वस्त्यांमध्ये सहा आठवडे आधी कळवावं लागतं. घरामागच्या बाकी झाडांचं मालकानं काय करावं, हे बहुतेक वेळा त्याच्याच मर्जीवर. आपला महाराष्ट्राचा १९७५चा झाडं जपण्याचा कायदा मात्र शहरातल्या झाडांना सरसकट लागू आहे, खासगी कंपाउंडमधल्यासुद्धा. २०२१च्या दुरुस्तीनं पन्नाशी ओलांडलेल्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही दिला. कागदावर कडक आपणच.

मग फरक कुठे पडतो? लंडनमध्ये आमच्या हॅरोतल्या शेजारीणबाईंच्या ओकवर टीपीओ आहे. छाटणीसाठी त्यांनी अर्ज केला: कुठली फांदी, किती मीटर, कशासाठी, सोबत हातानं काढलेला नकाशा. फी नाही, निर्णयाला आठ आठवड्यांची मुदत. ट्री ऑफिसर आला, बुंध्याभोवती दोन चकरा मारल्या, वर बघत बसला. छपराला घासणारी फांदी दोन मीटर कापायला हो म्हणाला. पानांनी पन्हळ तुंबते, हे कारण चाललं नाही. पन्हळ साफ करा. बाई चिडल्या, पण नकार कारणासकट लेखी मिळाला आणि त्यावर अपीलही करता येतं.

इथली कौन्सिलं साधुसंत आहेत, असं कोणी समजू नये. शेफील्डमध्ये रस्तेदुरुस्तीच्या कंत्राटाखाली हजारो झाडं गेली. नोव्हेंबर २०१६मध्ये रस्टलिंग्ज रोडवर तर पहाटे अंधारात लोकांना उठवून तोड सुरू केली. आरेची ऑक्टोबर २०१९ची रात्र ज्यांनी पाहिली, त्यांना हे ओळखीचं वाटेल. सुप्रीम कोर्टाची स्थगिती येईस्तोवर तिथं २,१००हून अधिक झाडं आडवी झाली होती. शेफील्डमध्ये निदान स्वतंत्र चौकशी झाली आणि २०२३मध्ये कौन्सिलनं माफी मागितली.

आपल्याकडचा वाद आकड्यांत अडकतो. एकाच्या बदल्यात दहा लावू, शंभर लावू. कुठे, कोण पाणी घालणार, हे कोणी विचारत नाही. आणि मुळात हेच झाड का, हा प्रश्न तर हरवूनच जातो. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत तेच: फांदी धोक्याची म्हणून माणसं येतात आणि झाडाचा खांब करून जातात.

ठाण्यात माझ्या भावाच्या सोसायटीत गुलमोहर 'छाटायचा' ठरला, तेव्हा मी त्याला सुचवलं, कुठली फांदी, किती फूट आणि का, एवढं आधी फळ्यावर लिहा. सेक्रेटरी म्हणाले, "मग पार्किंग असं लिहावं लागेल हो."