चढणीचे मासे आणि ‘फक्त मादीत असणारे’ स्थलांतराचे जनुक : एका संदेशाचा प्रतिवाद

मृगाचा पाऊस झाला आणि कृष्णेला पहिले गढूळ पाणी आले, की सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सॲप गटांवर चढणीच्या माशांच्या चित्रफिती फिरू लागतात. त्यांच्यासोबत एक संदेशही फिरतो आहे. त्याचा आशय असा : शास्त्रज्ञांना माशांमध्ये स्थलांतराचे जनुक सापडले आहे, ते फक्त मादीत असते, म्हणून प्रवाहाविरुद्ध चढणारे सगळे मासे मादीच असतात, आणि हा स्वभाव जन्मजात असल्यामुळे बंधारे, धरणे किंवा चढणीच्या दिवसांतली मासेमारी यांनी माशांच्या जातीला काही धोका नाही. यातली पहिली तीन विधाने अर्धवट वाचनातून आलेली दिसतात. चौथे मात्र नदीचे नुकसान करणारे आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर.

संदेशाच्या मुळाशी खरे संशोधन आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील नद्यांत रेनबो ट्राउट नावाचा मासा आहे. एकाच ओढ्यात, एकाच आईबापांच्या पिलांपैकी काही आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतात, तर काही समुद्रात जाऊन मोठी होतात आणि अंडी घालायला परत येतात. समुद्रातून परतणाऱ्या या माशांना तिथे स्टीलहेड म्हणतात. त्यांच्यात माद्यांचे प्रमाण जास्त आणि ओढ्यातच राहणाऱ्यांत नरांचे जास्त, ही गोष्ट जुन्या निरीक्षणांतून माहीत होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिचा संबंध या माशाच्या पाचव्या गुणसूत्रावरील एका मोठ्या तुकड्याशी जोडून दाखवला. सुमारे साडेपाच कोटी आधारजोड्यांच्या (म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या दुव्यांच्या) या भागात डीएनए दोन ठिकाणी उलटा बसलेला आहे. उलटा तुकडा आणि सरळ तुकडा यांच्यात सहसा देवाणघेवाण होत नाही, त्यामुळे त्यातली शेकडो जनुके एकाच गाठोड्यात बांधल्यासारखी पिढ्यानपिढ्या एकत्र जातात. म्हणजे ‘एक जनुक’ हा शब्दप्रयोगच इथे चुकीचा आहे.

‘फक्त मादीत’ हे विधान त्याहून चुकीचे आहे. या माशात नर घडवणारे जनुक वेगळ्याच गुणसूत्रावर असते. पाचवे गुणसूत्र नर-मादी दोघांतही जोडीनेच असते. फरक पडतो तो प्रभावीपणात, म्हणजे दोन वेगळ्या प्रतींपैकी कोणती वरचढ ठरते यात. ज्या माशाला दोन्ही प्रती ‘स्थलांतरी’ रूपाच्या मिळाल्या, त्याचा कल लिंग कोणतेही असले तरी समुद्राकडे असतो आणि दोन्ही प्रती ‘स्थायिक’ रूपाच्या असतील, तर राहण्याकडे असतो. मात्र एक प्रत या रूपाची आणि एक त्या रूपाची असेल, तर नर बहुधा स्थायिकांसारखा वागतो आणि मादी बहुधा स्थलांतर करते. तोच वारसा, पण देह नराचा की मादीचा यावरून त्याचा अर्थ बदलतो. मला या साऱ्या संशोधनातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते आणि संदेशात नेमकी तीच हरवली आहे.

असे का घडावे? मादी जितकी मोठी, तितकी तिची गाबोळी मोठी; समुद्रातल्या भरपूर अन्नावर वाढून आलेली मादी ओढ्यातल्या मादीपेक्षा कितीतरी अधिक अंडी घालते, म्हणून प्रवासाचा धोका तिला परवडतो. नराला मात्र लहान राहूनही, मोठ्या जोडीच्या जवळ ऐन वेळी शिरून, काही अंडी फळवता येतात. अटलांटिक सामनमध्येही असाच प्रकार आहे : किती वर्षे समुद्रात राहून परतायचे, यातला सुमारे ३९ टक्के फरक एका जनुकाच्या परिसराशी जोडलेला असल्याचे २०१५ साली दिसले आणि तिथेही त्या जनुकाचा प्रभावीपणा नर-मादीत वेगळा निघाला. उरलेला फरक इतर जनुके आणि परिस्थिती यांचा आहे. ट्राउटच्या बाबतीतही पाण्याचे तापमान, अन्न आणि पहिल्या वर्षातली वाढ यांचा निर्णयात वाटा असतो. जनुक इथे कल देते, हुकूम देत नाही.

आता आपल्या चढणीच्या माशांकडे येऊ. ते नदीतून ओढ्यात आणि शिवारातल्या पाण्यात चढतात ते विणीसाठी, आणि या माशांची अंडी शरीराबाहेर, पाण्यात फळतात. नर सोबत चढलाच नाही, तर मादीने घातलेली सगळी अंडी वाया जातील. पकडलेल्या माशांत गाबोळीने फुगलेली मादी चटकन नजरेत भरते, सडपातळ नर भरत नाही, एवढेच या समजुतीचे मूळ असावे. खात्री करायची असेल, तर कोणत्याही मत्स्यबीज केंद्रात विचारावे : विणीच्या दिवसांत रोहू-कटल्याचा नर ओळखताना छातीच्या परावरून बोट फिरवतात, तो खरखरीत लागतो, आणि पोट हलके दाबले की दुधासारखा पांढरा द्रव येतो. तिथे एका मादीमागे साधारण दोन नर सोडण्याची पद्धत आहे. शिवाय ट्राउटच्या गुणसूत्रावर सापडलेली रचना कृष्णेतल्या माशांवर तशीच लावता येत नाही. माशांमध्ये लिंग ठरण्याची पद्धतसुद्धा जातीनुसार बदलते. चिलापीच्या पिलांना सुरुवातीच्या दिवसांत फार गरम पाणी मिळाले, तर जनुकांनी मादी असलेली काही पिलेही नर होतात. ईल या लांबट माशात दाटीवाटीने वाढलेल्यांत नर जास्त निघतात.

उरले चौथे विधान. जन्मजात म्हणजे न बदलणारे, हा त्यातला पायाच कच्चा आहे. कॅलिफोर्नियात धरणांच्या आणि धबधब्यांच्या वर अडकलेल्या ट्राउटमध्ये पाचव्या गुणसूत्राचे स्थायिक रूप वाढलेले आढळते. कारण सरळ आहे : जो मासा भिंतीखाली समुद्राकडे गेला, तो परत वर येऊ शकला नाही आणि त्याचा वारसा त्याच्यासोबत गेला. मोठ्या जलाशयाच्या वर मात्र स्थलांतरी रूप बऱ्याच प्रमाणात टिकलेले दिसते, कारण तिथले मासे त्या जलाशयालाच समुद्र मानून ये-जा करतात. म्हणजे नदी कशी अडवली, यावरून जनुकांचे प्रमाण बदलते.

आपल्याकडेही सगळे अडथळे सारखे नाहीत. कोयनेच्या सुमारे १०३ मीटर उंच भिंतीवरून कोणताही मासा चढणार नाही. कृष्णेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे गाळे बंद करणाऱ्या फळ्या, मात्र पावसाळ्यापूर्वी काढतात आणि त्या गाळ्यांतून वाट मोकळी होते. नेमक्या त्याच गाळ्यांच्या तोंडाशी, त्याच आठ-दहा दिवसांत, आडवी जाळी लावली जातात आणि त्यांत सापडतो तो चढण्याचा कल असलेला, विणीला निघालेला मासा, नर आणि मादी दोघेही. जो मासा चढतच नाही, तो जाळ्यात येत नाही आणि पुढची पिढी त्याची होते. हा संदेश ज्यांना पुढे पाठवायचा असेल, त्यांनी निदान त्यातले शेवटचे वाक्य काढून टाकावे.