चोर्लीची मतपत्रिका आणि आपला अध्यक्ष

१० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिवसेनेचा निकाल दिला. खरी शिवसेना शिंदे गटाची, पण अपात्र मात्र दोन्हीकडचा एकही आमदार नाही. त्या रात्री आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जी जुंपली ती अजून अधूनमधून पेटते. एक बाजू 'मॅच फिक्सिंग' म्हणते, दुसरी 'कायद्याला धरून'. 'निःपक्षपाती' हा शब्द बहुधा हरणाऱ्याच्या तोंडी असतो. जिंकणाऱ्याला त्याची गरजच पडत नाही. जून २०२२ मध्ये उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी शिंदे गटाच्या सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या, तेव्हा त्यांच्यावर अविश्वास दाखवत सर्वोच्च न्यायालयात धावला तो शिंदे गट. दीड वर्षात तक्रार तीच राहिली, तक्रारदार बदलले. आणि ग्रुपवर कुणी गप्प बसला तर तो 'तटस्थ', म्हणजे आमच्याकडे जवळजवळ शिवीच.

मग कुणीतरी माझ्याकडे वळतं: 'तुमच्या इंग्लंडात चालतं का रे असं?'

मी लँकेशरमधल्या चोर्लीत राहतो. भारतीय पासपोर्टवरही इथे संसदेसाठी मत देता येतं. जुलै २०२४ मध्ये मतपत्रिका हातात घेतली, तर तिच्यावर मजूर पक्ष नाही, हुजूर पक्ष नाही, लिबरल डेमोक्रॅटही नाहीत. सर लिंडसे हॉइल यांच्या नावाखाली पक्षाच्या जागी एवढंच, की हे स्पीकर, म्हणजे इथल्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष, आहेत आणि पुन्हा उभे आहेत. हॉइल मूळचे मजूर पक्षाचे. २०१९ मध्ये स्पीकर झाले आणि पक्ष सुटला. तेव्हापासून मोठे पक्ष इथे त्यांच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत, आणि सभागृहात समसमान मतं पडल्याशिवाय ते मत देत नाहीत. याची किंमत आम्ही चोर्लीकर मोजतो. शेजारच्या आजोबांना हुजूर पक्षालाच मत द्यायचं होतं; ते देणार कुणाला?

म्हणून इथले स्पीकर साधुसंत आहेत असं नाही. हॉइल यांच्या आधीचे स्पीकर जॉन बर्को यांच्यावर ब्रेक्झिटविरोधी असल्याचा आरोप झाला, इतका की गाडीवरच्या ब्रेक्झिटला शिवी देणाऱ्या स्टिकरबद्दल त्यांना भर सभागृहात विचारलं गेलं. स्टिकर बायकोच्या गाडीवर आहे, आणि बायको ही काही नवऱ्याची मालमत्ता नव्हे, असं त्यांनी सुनावलं. गाझावरच्या चर्चेत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, प्रघात मोडून मजूर पक्षाची दुरुस्ती घेतली म्हणून हॉइल यांना त्याच दिवशी माफी मागावी लागली. माणसं सगळीकडे सारखीच. फक्त हॉइल यांना पुढच्या तिकिटासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. नार्वेकर निकालाच्या तीन दिवस आधी मुख्यमंत्री शिंदे यांनाच भेटले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कुलाब्यातून भाजपच्या तिकिटावर लढले. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. पण ते मनाने कितीही निःपक्षपाती असते, तरी यानंतर विश्वास कुणी ठेवायचा?

तरी ही तुलना नार्वेकरांवर थोडी अन्यायाचीच आहे. मे २०२४ मध्ये डोव्हरच्या खासदार नॅटली एल्फिक हुजूर पक्षातून थेट मजूर पक्षाच्या बाकांवर जाऊन बसल्या. इथे पक्षांतरबंदी कायदाच नाही, त्यामुळे हॉइल यांना त्यावर काहीच ठरवायचं नव्हतं. आपण १९८५ मध्ये राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आणली आणि आमदारकी काढण्याचा अधिकार नेमका पक्षाच्या माणसाच्या हाती दिला. तेच काम हॉइल यांच्याकडे असतं तर त्यांचीही शोभा झाली असती, असं मला वाटतं.

१९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डींनी लोकसभेचं अध्यक्षपद स्वीकारताना काँग्रेसचा राजीनामा दिला होता. प्रथा काही पडली नाही. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं, की अपात्रतेचे निवाडे अध्यक्षांकडून काढून कायमस्वरूपी न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा. आमच्या ग्रुपवर मी हे टाकलं, तर दोन्ही बाजूंनी पसंतीचा अंगठा टाकला आणि भांडण पुढे चालू. खुर्ची उद्या आपल्याकडे येईल ही आशा दोघांनाही आहे. मग तिचे अधिकार कमी करा असं म्हणेल कोण?