खाटेशेजारी निरांजन? अजिबात नाही!

नौपाड्यातल्या मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं आणि लगेच मामीचा फॉरवर्ड आला: ‘रुग्णासमोर श्रीयंत्र लावा, शेजारी तुपाचं निरांजन तेवत ठेवा, ऑपरेशननंतर वेदनाशामक गोळ्या लागत नाहीत. अमेरिकेत सिद्ध झालंय. युरोपात 500 वर्षांपूर्वी रोगी चित्र पाहूनच बरे होत.’ मावशीने पिशवीत फुलवाती भरल्यासुद्धा!

आधी निरांजनाचं बघू. ऑपरेशननंतर नाकाला नळी लावून दिलेला ऑक्सिजन सगळाच काही फुप्फुसात जात नाही. बराचसा बाजूने निसटतो आणि उशीत, चादरीत, गाऊनमध्ये, केसांत मुरतो. तो स्वतः पेटत नाही, पण एरवी नुसतं करपलं असतं ते कापड त्याच्यामुळे भर्रकन पेट घेतं, ठिणगी पुरते. शेजारी सॅनिटायझरची बाटली, म्हणजे अल्कोहोल. आणि पेशंट सलाइनला अडकलेला, पळणार कुठे? सिस्टर निरांजन विझवायला लावते तेव्हा ‘यांना देवाचं वावडं’ म्हणून नाकं मुरडणारेही आपणच.

गोळ्या बंद करणं तर भलतंच. पोट दुखतंय म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते.

अमेरिकेचं म्हणाल, तर हे बहुधा संशोधक रॉजर उलरिच यांच्या 1984 च्या ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या अभ्यासाचं शेपूट आहे. योगायोगाने तेही पित्ताशय काढलेलेच 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. झाडंवाल्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. कमी; बंद नव्हे. यात श्रीयंत्र कुठे आलं? डोळ्यांपुढे काय आहे याने फरक पडू शकतो, एवढं मात्र कबूल.

युरोपातलं चित्र म्हणजे जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डने 1512 ते 1516 दरम्यान इसेनहाइम गावच्या ख्रिस्ती मठासाठी रंगवलेलं वेदीचित्र (प्रार्थनेच्या वेदीवरचं चित्र) असावं. राय धान्यावरच्या बुरशीने हातपाय सडलेले रोगी तिथल्या मठात येत. चित्रातल्या ख्रिस्ताच्या अंगावरही तसेच फोड आहेत. रोग्यांना त्यातून धीर मिळत असणार. पण मठवासी त्यांना चांगलं खायला घालत, मलम लावत आणि सडलेला पाय कापतही.

मावशी स्वामींचा फोटो नेणार असेल तर खुशाल नेऊ दे, फक्त लॅमिनेट करून, म्हणजे पुसता येतो. आणि जमलं तर खिडकीजवळची खाट मागून घ्या.