लुगरवरचं ‘42’ म्हणजे 1942 नव्हे

जर्मन लुगर पिस्तुलाच्या फोटोसोबत एक मजकूर हमखास फिरतो: “वर 42 आहे म्हणजे 1942 ची बनावट. गरुड-स्वस्तिक आहे म्हणजे एसएस अधिकाऱ्याचं. नंबर शोधला की मालकाचं नाव कळतं.” (एसएस म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाचं सशस्त्र दल.) तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी 42 बघू. पिस्तुलाच्या माथ्यावर गुडघ्यासारखा दुमडणारा टॉगल असतो. त्यावरचं 42 हा माउझर कारखान्याचा सांकेतिक आकडा. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर बंधनं आली होती, म्हणून कारखान्याचं नाव झाकलं गेलं: 1934 पासून ‘एस/42’, मग 1939 पासून नुसतं ‘42’. साल असतं टॉगलच्या पुढे, चेंबरवर, म्हणजे गोळी बसते त्या भागावर. टॉगलवर 42 आणि चेंबरवर 1939 असेल तर पिस्तूल 1939 चंच. 1941 मध्ये संकेत ‘बीवायएफ’ झाला आणि चेंबरवर सालाचे दोनच आकडे येऊ लागले. तिथलं 42 मात्र खरोखर 1942. त्यात भर म्हणजे सुट्या भागांवर पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. तिथे 42 दिसलं तर त्याचा ना कारखान्याशी संबंध, ना सालाशी. म्हणून फक्त एका बाजूचा फोटो पाठवला तर मी मत देत नाही.

गरुड-स्वस्तिकाचं उत्तर छोटं आहे. तो चाचणी-गोळीबाराचा शिक्का. शेजारचे आकडेवाले गरुड सैन्याच्या तपासनिसांचे. असं पिस्तूल मशीनगन चालवणाऱ्या साध्या जवानाकडेही असे.

राहिला नंबर. माउझरमध्ये लष्करी पिस्तुलांचे नंबर दरवर्षी एकपासून सुरू होत आणि दर 10,000 नंतर खाली नवं अक्षर लागे. त्यामुळे तोच आकडा अनेक पिस्तुलांवर सापडतो. नंबर, अक्षर, साल, कारखाना हे चारही जुळले तरी हातात येतं ते पिस्तूल, माणूस नाही. माणसापर्यंत नेतो तो कागद. जर्मन सैनिकाच्या पगारपुस्तिकेत त्याला दिलेल्या हत्याराचा नंबर लिहीत. अमेरिकन सैनिकाला जप्त केलेलं हत्यार घरी न्यायला वरिष्ठाच्या सहीचा दाखला लागे.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मनांविरुद्ध मराठा पलटणीही लढल्या; नायक यशवंत घाडगे यांना 1944 च्या तिथल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा त्या आघाडीवर होते आणि अशा पिस्तुलाची आठवण घरात सांगितली जात असेल, तर अनोळखी एसएस अधिकारी शोधण्याआधी आजोबांची पलटण आणि त्यांचे नोकरीचे कागद शोधा.